तीन नंबरच्या शीतगृहासाठी एक भूमिका

सकाळी आठला वॉल्विस बेच्या धक्क्यावर धुकं,
क्रेनचे नुसते पाय दिसत होते,
आणि रियान म्हणाला, न्दाहाफा, आज त्या भूमिका उरकून टाक,
सोमवारी ऑडिट आहे.

भूमिका म्हणजे तक्ता.
डावीकडे माणसं नाहीत, पदं :
काट्यावरचा, लाइनवरची, निर्यातीचे कागद करणारी,
बर्फाच्या यंत्राचा मेकॅनिक.
वर आडवी क्रियापदं,
पाहणे, भरणे, बदलणे, मंजूर करणे, पुसणे.
मधे चौकोन. खूण, नाहीतर काहीच नाही.

पाउलीनाला वजन भरता येत होतं, बदलता येत नव्हतं.
बधिर बोटांनी एक शून्य जास्त पडलं
तर तिनं वर कळवायचं.
वर म्हणजे गर्ट,
आणि गर्ट बाराच्या आत फोन उचलत नाही.
मी तिला ‘बदलणे’ दिलं, भरल्यापासून दोन तास,
मग कुलूप.
एवढीशी मुभा बसवायला मला तीन दिवस लागले,
गर्टला पटवायला नऊ.

‘पुसणे’ कुणालाच दिलं नाही. मलाही नाही.
ओंडांग्वाला आईचं दुकान होतं, उधारीची वही होती.
पैसे फिटले की ती नावावर रेघ मारायची, हलकीच,
खालचं नाव वाचता येईल अशी.

पॅकिंगमधला नवा मुलगा विचारतो,
ते बटण मला राखाडी का दिसतं?
म्हटलं, दिसतं ना?
बाकीच्यांना ते आहे हेच ठाऊक नाही.
तो हसला. मला नंतर बराच वेळ
बरं वाटलं नाही.

दुपारी यादीच्या तळाशी आलं : हिस्किया शिकोंगो.
निवृत्त होऊन चौदा महिने.
खातं बंद करायचं राहून गेलेलं.
शेवटचा प्रवेश, काल रात्री दोन वाजून अकरा मिनिटं.
परवा, दोन वाजून चार.
मी मागे मागे गेले, जूनपर्यंत, मार्चपर्यंत.
रोज तेच एक पान. तीन नंबरच्या शीतगृहाचं तापमान.
दीड मिनिट.
काही भरलं नाही, काही बदललं नाही.

मग मेकॅनिकनं सांगितलं, तू यायच्या आधीची गोष्ट.
कंप्रेसर बसला त्या रात्री हिस्किया एकटा होता.
पडद्यावर आकडा चढताना त्यानं पाहिला,
उणे वीस, उणे चौदा, उणे सहा,
दुसरं यंत्र सुरू करायचं बटण
त्याच्यासाठी राखाडी होतं.
वरचे सगळे झोपलेले.
चाळीस टन हेक मासा.
चौकशीच्या कागदावर त्याच्या नावापुढे लिहिलंय :
केवळ पाहत राहिला.

रियान म्हणतो, काढून टाक, ऑडिटवाले विचारतील.
बरोबरच आहे त्याचं.
कंपनीत नसलेल्या माणसाला कंपनीचं दार
कोण उघडं ठेवतं?

भूमिका तयार करणं माझं काम.
भूमिका घ्यायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी त्याचं जुनं खातं बंद केलं. अगदी नियमानं.
नवीन पद केलं, ‘रात्रीचा’.
पाहणे : एक खोली, एक आकडा.
बाकी सगळे चौकोन रिकामे.
मग उजव्या कडेला, ‘पुसणे’च्याही पलीकडे,
तक्त्यात नव्हतं असं एक क्रियापद जोडलं :
कळवणे. कुणाला? माझ्या फोनला.
‘मंजुरी देणारा’ ह्या रकान्यात माझंच नाव घातलं,
म्हणजे उद्या कुणी विचारलं
तर शोधावं लागू नये.

हिस्कियाला फोन केला. नवा पासवर्ड दिला.
तो बराच वेळ काही बोलला नाही,
मग म्हणाला, दाबलं तर खरंच वाजेल?

रात्री दोन वाजून नऊ मिनिटांनी वाजला.
मी एक पाय चपलेत घालून उभीच राहिले,
किल्ली शोधत, धुक्यात गाडी कशी काढायची ह्या विचारात,
आणि मग वाचलं.

उणे बावीस. ठीक आहे.
झोप तू.